प्रारंभ प्रमाणपत्र हातात नसताना खोदाई करू नका: महाराष्ट्रात स्वतःचं घर बांधणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

एप्रिल महिना होता. पहिल्या स्लॅबच्या प्लेटा ठोकून झाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सळई बांधायला फिटर येणार होते. सकाळी अकराच्या सुमारास बांधकाम निरीक्षक प्लॉटवर आले. त्यांनी प्रारंभ प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा मी जाडजूड फाईल त्यांच्यापुढे ठेवली. मंजूर रेखांकन, अकृषिक आदेश, खरेदीखत, सातबारा, छाननी शुल्काचं चलन आणि आवक शिक्का मारलेला नकाशांचा संच, सगळं त्यात होतं. त्यांनी एकेक कागद नीट उलटून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, यात परवानगी कुठे आहे?"

परवानगी नव्हती. "फाईल आत गेलीय, फक्त सही बाकी आहे, पावसाच्या आत स्लॅब काढून घेऊ," असं ठेकेदाराने सांगितलं होतं आणि मी ते मानलं होतं. त्या दिवशी पंचनामा झाला, फोटो निघाले आणि काम बंदची नोटीस हातात पडली. काम पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. त्या चार महिन्यांत सेंट्रिंगचं भाडं, कर्जाचं व्याज आणि राहत्या घराचं भाडं तिन्ही चालू होतं. बंद होतं ते फक्त काम.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. हे महाराष्ट्रात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यांसाठी आहे. मुंबईसाठी वेगळी नियमावली आहे, तिच्याबद्दल जाता जाता सांगेन.

१. कोणता कागद म्हणजे परवानगी, हे आधी पक्कं करा

बांधकाम सुरू करायचा अधिकार देणारा कागद एकच: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ खाली मिळणारी विकास परवानगी आणि तिच्यासोबतचं प्रारंभ प्रमाणपत्र. लहान प्लॉटसाठी थोडी वेगळी सोय आहे, ती पुढे येते. खालचे कागद परवानगीसारखे वाटतात, पण ते परवानगी नाहीत:

- अकृषिक आदेश: जमीन घरासाठी वापरता येईल एवढंच तो सांगतो.
- मंजूर रेखांकन: प्लॉट कायदेशीर पाडलेत हे त्यातून कळतं. तुमच्या घराचा नकाशा त्यात नसतो.
- शुल्क भरल्याचं चलन आणि आवक पोच: अर्ज पोहोचला, एवढंच.
- ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, विजेचं बिल: ही आकारणीची आणि सेवेची कागदपत्रं. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे अवैध बांधकामालाही कर लागतो आणि त्यावर शास्तीही (दंडही) लागू शकते. ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

मुंबईत बांधकामाच्या प्रस्तावावर आधी आयओडी (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, म्हणजे अटींसह दिलेली प्राथमिक मंजुरी) मिळते. तिच्यातल्या अटी पूर्ण केल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं आणि तेही बहुधा आधी जोत्यापर्यंतचंच असतं. जोतं तपासल्यावर पुढच्या मजल्यांचं येतं. म्हणजे अर्धी परवानगी ही खरोखरची गोष्ट आहे. ती जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच काम करायचं.

२. जागा कुणाच्या हद्दीत आहे ते शोधा

महानगरपालिका, नगरपालिका, प्रादेशिक विकास प्राधिकरण, ग्रामपंचायत की जिल्हाधिकारी, यांपैकी परवानगी कोण देणार हे आधी ठरवा. शहराच्या कडेच्या गावांत इथेच घोळ होतो. ग्रामपंचायतीने ना हरकत दिली म्हणून लोक पाया घालतात आणि पुढे कळतं की ते क्षेत्र प्राधिकरणाकडे गेलेलं आहे. स्थानिक नगररचना कार्यालयातून झोन दाखला घ्या, त्यात तुमच्या गट क्रमांकावर कुठलं आरक्षण किंवा रस्ता आहे का हेही कळतं.

राज्याच्या बहुतेक भागांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यातल्या ज्या सवलतीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे, ती इथे स्पष्ट करतो. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला "परवानगी लागत नाही" असं सर्रास सांगितलं जातं. त्याचा खरा अर्थ असा की नकाशाची आधी छाननी होत नाही. तरीही वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नकाशा द्यावा लागतो, शुल्क भरावं लागतं आणि त्याची पावती हीच परवानगी धरली जाते. सामासिक अंतरं (प्लॉटच्या हद्दीपासून बांधकामापर्यंत मोकळी सोडायची जागा) आणि चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते) यांतून सूट नाही. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे.

ग्रामीण भागातही असंच आहे. १६०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवरच्या घरासाठी मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीकडे द्यायचं आणि शुल्क भरायचं. १६०० ते ३२०० चौरस फुटांसाठी पैसे भरल्यावर १० दिवसांत ग्रामपंचायतीने प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं असतं. दोन्हीकडे कागद लागतोच. तो घेतल्याशिवाय कुदळ मारू नका.

३. जागेचीच कागदपत्रं आधी तपासा

अर्जाला लागणारी यादी साधारण अशी:

- ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक
- खरेदीखत आणि सूची-२
- मोजणी नकाशाची क-प्रत
- मंजूर रेखांकनाची प्रत
- अकृषिक आदेश, किंवा कलम ४२-ब अथवा ४२-ड खालचं चलन
- सर्व सहहिस्सेदारांची संमतीपत्रं
- वास्तुविशारद किंवा अभियंत्याचे सही केलेले नकाशे
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र
- चालू वर्षाच्या कराची पावती

अकृषिक परवानगीबद्दल एक सोय अनेकांना माहीत नसते. मंजूर विकास योजनेच्या हद्दीत जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ब आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत कलम ४२-ड लागू होतं. तिथे वेगळी परवानगी न घेता शासनाने ठरवलेली रक्कम भरून काम होतं. मात्र ही सोय जमिनीच्या वापरापुरती आहे.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन) लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा आणि तहसील कार्यालयात चौकशी करा. एक-दोन गुंठ्याचा तुकडा नोटरीवर घेतला असेल तर तुकडेबंदीचा (ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचा) प्रश्न येतो. २००१ चा गुंठेवारी अधिनियम (असे विनापरवाना पाडलेले लहान भूखंड नियमित करण्याचा कायदा) २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना आणि बांधकामांना लागू झाला आहे. त्यानंतरचा तुकडा त्यात बसत नाही. असा प्लॉट अजून घेतला नसेल तर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

४. मोजणी करून घ्या, कुंपणावर विश्वास ठेवू नका

या एका गोष्टीसाठी मी सर्वांत जास्त किंमत मोजली. आमच्या प्लॉटला आधीच्या मालकाने तारेचं कुंपण घातलेलं होतं. ठेकेदाराने त्या तारेपासून फीत धरून चुन्याची फक्की मारली आणि त्यावर कॉलमचे खड्डे घेतले. नोटीस आल्यावर भूमी अभिलेखच्या भूकरमापकाने मोजणी करून हद्दीच्या खुणा दाखवल्या, तेव्हा पूर्वेची तार शेजारच्या प्लॉटमध्ये जवळजवळ दीड फूट आत गेलेली निघाली. म्हणजे त्या बाजूचं आमचं सामासिक अंतर दीड फुटाने कमी पडत होतं. तक्रारही शेजाऱ्यांनीच केली होती आणि ती खरी होती.

नियमित करून घेताना सुधारित नकाशात त्या बाजूची गॅलरी काढावी लागली आणि दोन कॉलम ब्रेकर लावून तोडावे लागले. ते कॉलम भरताना मी स्वतः उभा राहून व्हायब्रेटर नीट फिरवायला लावला होता. पक्कं झालेलं काँक्रीट तुटायला दोन दिवस लागले.

म्हणून क्रम असा ठेवा: मोजणीचा अर्ज, खुणा पक्क्या करून घेणं, शेजाऱ्यांना त्या दाखवणं, मग नकाशा. मोजणीची तारीख मिळायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज सगळ्यांत आधी करा. आखणीच्या दिवशी अभियंता हजर हवा आणि फीत मोजणीच्या दगडापासून धरायची.

५. अर्ज करा, त्रुटी पूर्ण करा, साठ दिवसांचा हिशोब नीट समजून घ्या

बहुतेक ठिकाणी अर्ज ऑनलाइन जातो आणि तो वास्तुविशारदाच्या लॉगिनमधून भरला जातो. त्यामुळे "फाईल कुठे आहे" याचं उत्तर तुम्हाला तोंडी मिळतं. ते पुरेसं नाही. अर्जाचा क्रमांक मागून घ्या, त्रुटींचं पत्र आलं की त्याची प्रत मागा आणि उत्तर कोणत्या तारखेला गेलं ते लिहून ठेवा. आमच्या फाईलवर त्रुटीचं पत्र मार्चमध्येच आलेलं होतं. त्यात मोजणीची क-प्रत मागितली होती. मला ते नोटिशीनंतर कळलं.

साठ दिवसांबद्दल: कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, हे खरं आहे. पण ते दिवस अर्जापासून किंवा त्रुटींचं उत्तर दिल्यापासून, यांतली जी तारीख नंतरची तिथून मोजायचे, आणि प्रस्ताव नियमावलीत तंतोतंत बसणारा असायला हवा. एका बाजूचं अंतर सहा इंच कमी असेल तर ही मानीव परवानगी तुमच्या कामाची नाही. नुसत्या कॅलेंडरवर विसंबून खोदाई करू नका. परवानगी नाकारली तर कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

विकास शुल्काची मागणी आली की लगेच भरा. एकूण खर्च कामगार उपकराच्या मर्यादेच्या वर जात असेल तर बांधकाम खर्चाच्या १ टक्का तो उपकरही धरून ठेवा.

६. परवानगी येईपर्यंत काय करता येतं

कायद्यात "विकास" या शब्दात जमिनीवरचं, जमिनीखालचं आणि जमिनीच्या वरचं असं सगळं बांधकाम येतं. म्हणजे पायाची खोदाईही त्यात आली. "नुसता खड्डाच तर आहे" हे म्हणणं टिकत नाही. "आधी जोतं काढून घ्या, मग कोण विचारतंय" हा सल्ला तर प्रत्येक साईटवर ऐकू येतो. जोतं म्हणजे घराची जागा कायमची ठरवणं, आणि चूक असेल तर ती तिथेच पक्की होते.

थांबण्याच्या काळात ही कामं खुशाल करा: झाडोरा काढणं, माती परीक्षण, स्ट्रक्चरल डिझाईन पूर्ण करून घेणं, ठेकेदारांची दरपत्रकं, लेखी करार. करारात एक कलम आवर्जून घाला: प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत मिळाल्याशिवाय ठेकेदार काम सुरू करणार नाही, आणि सेंट्रिंगचं भाडं त्याआधी लागू होणार नाही. सिमेंट मात्र आधी आणून ठेवू नका. तीन महिन्यांत त्याची ताकद लक्षणीय घटते.

७. परवानगी हातात आल्यावरही या तीन जागी काम अडतं

पहिली जागा म्हणजे जोतं. जोत्यापर्यंत काम आलं की अभियंत्यामार्फत लेखी कळवा आणि जोते तपासणी प्रमाणपत्र घेऊनच वरचे कॉलम उभे करा. लहान प्लॉटना हे प्रमाणपत्र तुमचा अभियंताच देऊ शकतो का, ते परवानगीच्या अटींत वाचा. त्या अटी मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतात. सगळ्या वाचा.

दुसरी जागा म्हणजे मध्येच केलेले बदल. आतली भिंत इकडची तिकडे करणं, दुरुस्ती, ज्याने बाहेरचं रूप फारसं बदलत नाही अशी कामं, यांना कलम ४३ मध्ये सूट आहे. जिना बाहेर काढणं, गॅलरी वाढवणं, गच्चीवर एक खोली चढवणं, यांना आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो.

तिसरी म्हणजे मुदत. कलम ४८ प्रमाणे परवानगी एका वर्षाची असते. ती संपायच्या आत वाढवून घ्या. मुदतीत जोतंही झालं नसेल तर नव्याने अर्ज करावा लागतो.

८. काम बंदची नोटीस आलीच तर

त्याच क्षणी काम थांबवा. "एवढा स्लॅब पडू दे, मग बघू" असं म्हणू नका. कलम ५४ ची नोटीस बजावल्यापासूनच लागू होते. ती मोडून काम चालू ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय नोटिशीनंतर केलेल्या कामाचे फोटो फाईलला लागले की नियमित करून घेण्याची वाट तुम्ही स्वतःच बंद करता.

मग नोटीस शांतपणे वाचा आणि कलम कोणतं आहे ते पाहा. ५४ असेल तर चालू काम थांबवण्याबद्दल आहे. ५३ असेल तर बांधकाम काढून टाकण्याबद्दल आहे, आणि तिच्यातली मुदत फार कमी, अगदी २४ तासांचीही असू शकते. पण सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामाआधी किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी आवश्यक ठरवली आहे. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं पोटकलम ५३(३) आहे. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज केला, तर त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत पाडण्याची नोटीस अंमलात येत नाही. मुदत उलटली की हे संरक्षण मिळत नाही. म्हणून नोटीस आली त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा, दुसऱ्या दिवशी अर्ज आवक करा आणि पोच घ्या. या अर्जामुळे पाडकाम थांबतं. बांधकाम पुढे नेण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

उत्तर लेखी आणि खरं द्या. मी पहिल्या रागात "शेजाऱ्यांनी आकसाने तक्रार केली आहे" असं दोन पानं लिहिलं होतं. वकिलांनी ते बाजूला ठेवलं आणि चार ओळी लिहिल्या: काम अमुक तारखेला थांबवलं आहे, कोणत्या टप्प्यावर आहे, मोजणीचा अर्ज केला आहे, सुधारित नकाशा सादर करत आहोत. सोबत थांबलेल्या कामाचे तारखेसह फोटो जोडले. सुनावणीला तेच कागद उपयोगी पडले.

मधल्या माणसांपासून जपा. नोटीस लागली की "साहेबांशी बोलून देतो" म्हणणारे दोन-तीन जण हमखास येतात. सही ज्या त्रुटीमुळे अडली आहे, ती त्रुटी त्यांना पैसे दिल्याने भरून निघत नाही. पुढे बँक किंवा घेणारा मंजूर नकाशा मागतोच. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की केवळ काळ लोटला म्हणून अवैध बांधकाम वैध होत नाही. वीज-पाण्याच्या जोडण्या आणि बँकांची कर्जं पूर्णत्वाचं किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावीत, असंही त्यात आहे.

बँकेला स्वतःहून कळवा. पुढचा हप्ता थांबेल, पण आधीच्या रकमेवरचं व्याज चालूच राहतं. माहिती लपवली तर पुढच्या तपासणीत विश्वास जातो.

९. थांबलेल्या कामाची राखण

हा भाग मला कुणी सांगितला नव्हता. काम बंद म्हणजे साईट सोडून देणं नव्हे.

ताज्या काँक्रीटवर पाणी मारणं गरजेचं असेल तर तसं पत्र देऊन ते चालू ठेवा. कॉलमच्या वर निघालेल्या सळयांना सिमेंटचं घट्ट पाणी लावा आणि वर प्लॅस्टिक बांधा. आमच्या सळया जूनच्या पहिल्या आठवड्यात उघड्या राहिल्या. ऑगस्टमध्ये हात लावला तर तांबूस पापुद्रे बोटाला चिकटत होते. तारेच्या ब्रशने घासून, स्ट्रक्चरल इंजिनिअरने व्यास तपासूनच पुढे गेलो. उरलेली सिमेंटची पोती दुसऱ्या साईटला द्या. आमची शेडमध्ये राहिली आणि कडेने दगडासारखी झाली.

उघडे खड्डे सर्वांत धोक्याचे. पावसात कडा ढासळतात आणि आजूबाजूची मुलं तिथे खेळतात. कुंपण घाला, खड्डा शेजारच्या भिंतीलगत असेल तर अभियंत्याचं पत्र जोडून भराव टाकण्याची लेखी परवानगी मागा. सेंट्रिंगच्या प्लेटा मोजून, यादीवर सही घेऊन परत करा, म्हणजे भाडं थांबेल.

आणि कामगारांचा विचार करा. आमच्या साईटवर एक गवंडी आणि दोन बिगारी कुटुंबासह राहत होते. नोटिशीच्या दिवशी त्यांचा रोजगार बुडाला, चूक त्यांची काहीच नव्हती. झालेल्या कामाचा हिशोब त्याच आठवड्यात पूर्ण करा.

तपासणीबद्दल मनात राग येतो, मलाही आला होता. पण ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली विनापरवाना इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तिथे वेळीच काम थांबवलं गेलं असतं तर ती वाचली असती. आमचे दोन कॉलम तुटले तेव्हा मी हे स्वतःला सांगत होतो.

१०. पुन्हा सुरू करताना

प्रारंभ प्रमाणपत्र आलं तरी त्याच दिवशी ठेकेदाराला बोलावू नका. आधी काम बंदची नोटीस मागे घेतल्याचं किंवा प्रकरण निकाली काढल्याचं पत्र लेखी घ्या, नाहीतर दोन विभागांच्या दोन नोंदी राहतात आणि निरीक्षक पुन्हा येतात. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून उभ्या कामाची पाहणी करून अहवाल घ्या. सुधारित नकाशाची प्रत ठेकेदाराला सही घेऊन द्या आणि जुनी प्रत परत घ्या. आमच्याकडे फिटर पहिल्या दिवशी जुनाच नकाशा घेऊन गॅलरीच्या सळया कापायला बसला होता.

साईटच्या दर्शनी बाजूला फलक लावा. त्यावर मालक, वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नावं, प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहा. मंजूर नकाशाची आणि प्रमाणपत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून साईटवरच ठेवा. आमच्याकडे ते पाकीट शेडच्या खांबाला अडकवलेलं होतं. स्लॅबच्या आदल्या दिवशी तेच निरीक्षक पुन्हा आले, पाकीट काढून पाहिलं, पूर्वेच्या बाजूचं अंतर फितीने मोजलं आणि काही न बोलता वहीत लिहून गेले. स्लॅब दुसऱ्या दिवशी पडला.